बेदुईन रबाबावादकाला गोंधळी म्हणावे की ओवीकार?

प्रश्न (वाचक, मिरज)
सप्रेम नमस्कार. गेल्या हिवाळ्यात जॉर्डनमधील वादी रमच्या वाळवंटात, तंबूत मुक्काम करण्याचा योग आला. तेथे एका वयस्क बेदुईन गृहस्थांनी एकतारी रबाबा वाजवत तासभर काव्य म्हटले. भाषा कळत नव्हती, तरी तुणतुण्यावरचा गोंधळ ऐकत वाढलेल्या मला ते परके वाटले नाही. पर्यटक येऊ लागण्यापूर्वी अशा माणसाचा चरितार्थ वादनावर चालत असे काय, आणि त्याला आपल्या गोंधळ्यांच्या पंक्तीत बसवावे काय?

उत्तर (तंतुवाद्यांच्या कामातला, मिरज)
तुणतुण्याशी साम्य तारेच्या संख्येपुरतेच आहे. तुणतुण्याची तार छेडतात, रबाबा गजाने वाजतो, म्हणून त्याचे गोत्र सारंगीकडे जाते. चौकोनी लाकडी चौकटीवर बकऱ्याचे कातडे ताणलेले असते. तार आणि गज दोन्ही घोड्याच्या केसांचे. वादक तार दांडीवर दाबत नाही, बोटांनी नुसता स्पर्श करतो, आणि चार-पाच स्वरांत त्याचे सारे भागते. आमच्या गावच्या कारागिराला हे तोकडे वाटेल, परंतु ज्याचे बिऱ्हाड उंटाच्या पाठीवर आहे, त्याने भोपळ्याचा तंबोरा सांभाळायचा कुठे? दमट हवेत कातडे सैल पडले की ते शेकोटीजवळ धरतात, हे हलगीवाल्याला वेगळे सांगायला नको.

उत्तर (आटपाडी)
वाद्यापेक्षा शब्दाकडे पाहावे, असे मला वाटते. बोलीभाषेतील नबाती कविता हा त्या जीवनाचा गाभा आहे; रबाबा तिला केवळ साथ करतो. टोळीची वंशावळ, पराक्रम, विरह आणि उंटाची स्तुती हे सारे मुखोद्गत असलेला माणूस दिवसा इतरांसारखीच जनावरे राखत असे आणि रात्री यजमानाच्या तंबूत कॉफीच्या चुलीभोवती बसून गात असे. कॉफी कुटण्याचा लाकडी उखळ-मुसळ, म्हणजे मिहबाज, हाच तेथला ताल. कुटणाऱ्याच्या लयीवरून पाहुण्यांना आमंत्रण पोहोचे. काव्य ही प्रतिष्ठा होती, धंदा नव्हे.

म्हणूनच मी त्याला गोंधळ्याऐवजी आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात ओव्या गाणाऱ्या, मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराशेजारी बसवीन. अमिराती व ओमानमधील ‘तगरूदा’ तर उंटस्वारांचे दोन गट आळीपाळीने म्हणतात. सात किंवा त्याहून कमी ओळींची ती कविता युनेस्कोच्या यादीत 2012 साली समाविष्ट झाली. आपल्याकडेही एकाने ओवी टाकावी आणि बाकीच्यांनी ती उचलावी, हीच रीत आहे.

उत्तर (पलूस)
आटपाडीकरांचे म्हणणे वाळवंटापुरते मान्य आहे. परंतु अरबस्तानातून उत्तर आफ्रिकेत गेलेल्या बनू हिलाल या बेदुईन टोळ्यांचे महाकाव्य इजिप्तच्या खेड्यांत व्यावसायिक शाहीरच गात आले, आणि ते आपली कला घराण्यातच शिकत. त्यांना बिदागी मिळे, तरी सामाजिक मान मात्र बेताचाच. काव्यातील वीरांचा गौरव करायचा आणि ते गाणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हा प्रकार आपल्यालाही अपरिचित नाही. तेव्हा गोंधळ्याची तुलना या शाहिरांशी केल्यास ती अधिक जुळेल, मात्र गोंधळ हे कुलाचाराचे विधिनाट्य आहे आणि त्यांचे गायन तसे नाही, एवढा भेद राहतोच.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. काव्य संपल्यावर मी त्या गृहस्थांपुढे नोट धरली होती; त्यांनी ती हाताने बाजूला सारली आणि माझ्या रिकाम्या पेल्यात पुन्हा कॉफी ओतली. ती रक्कम त्यांना कमी वाटली असावी, असा माझा तेव्हा समज झाला होता.