मदत हवी आहे: बाळ १८ दिवसांचं, मोठी पावणेतीन वर्षांची, दिवस कसा बसवावा?

प्रश्न (अमळनेर)
बाळ अंगावर पितं, वजन वाढतंय. पण त्याला पाजायला घेतलं की मोठी रडून गोंधळ घालते, त्याला चिमटे काढते. सुटलेली अंथरुणातली शू पुन्हा सुरू झाली आहे. यांची भुसावळला शिफ्ट ड्युटी. घरी सासूबाई आहेत, पण मोठी त्यांच्याकडे थांबत नाही. त्यात हा मे महिना. बाळाला चमचाभर उकळलेलं पाणी द्यावं असं सगळे म्हणतात. द्यावं का? कूलर चालेल का?

उत्तर १
ताई, मोठीला सासूबाईंकडे देऊ नका, बाळाला द्या. पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, मालीश, झोपवणं सासूबाईंकडे. त्या वेळात १५ मिनिटं तुम्ही फक्त मोठीच्या, मोबाईल बाजूला ठेवून, रोज साधारण त्याच वेळी. एवढ्या लहान बाळाला कुशी आजीची असली तरी चालते, मोठीला मात्र आईच हवी असते.

नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, एकेकदा २०-३० मिनिटं. तेवढा वेळ तुमचे हात अडकलेले असतात हे तिला बरोबर कळतं, म्हणून गोंधळही तेव्हाच. पाजायला बसण्याआधी तिची शू, पाणी, अर्धं केळं उरकून घ्या. एका पिशवीत चार-पाच वस्तू ठेवा: डबे-झाकणं, चित्रांचं पुस्तक, बारीक मणी नकोत. ही पिशवी फक्त पाजतानाच निघेल, एरवी वर. सारखी हाती लागली तर दोन दिवसांत तिची गोडी जाते.

चिमटा काढला तर ओरडू नका. हात धरा, "त्याला दुखतं, इथे पायाला हात लाव" म्हणा. दोघांना एकटं मिनिटभरही सोडू नका, बाळ झोळीत असलं तरी. शूबद्दल रागावू नका, या वयात असं मागे जाणं नेहमीचं आहे. जळजळ किंवा ताप असेल तर मात्र लघवी तपासा.

उत्तर २
पाणी अजिबात नको, सहा महिने पूर्ण होईपर्यंत. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. चमचा-चमचा पाण्याने पोट भरतं, बाळ कमी ओढतं, मग दूधही कमी बनतं, शिवाय जुलाबाची भीती. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील तर पाणी पुरतंय. पाणी तुम्ही प्या, दर पाजण्याला एक तांब्या जवळ ठेवा.

कूलर चालेल. खिडकी उघडी ठेवा, झोत बाळावर नको, टाकी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. सुती झबलं पुरे, घरात टोपी-मोजे काढा. बंद खोलीतली शेगडीची धुरी बंद करा, धूर बाळाच्या छातीला वाईट.

अंग गरम लागलं तर कपडे सैल करा, पाजा, अर्ध्या तासाने थर्मामीटर लावा. ३८ अंश सेल्सिअस किंवा वर असेल तर लगेच दवाखाना, रात्र असली तरी. ओढत नसेल, मलूल असेल, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल तर वाट न बघता १०८.

प्रश्नकर्ती
आणि रात्री? मोठी मला चिकटूनच झोपते.

उत्तर १
चिकटू द्या, पण मधे तुम्ही. एका बाजूला मोठी, दुसऱ्या बाजूला बाळ, त्याची वेगळी घट्ट गादी, उताणं, उशी नको. ते ड्युटीवर नसतील त्या रात्री मोठीची बाजू त्यांची.

उत्तर ३
तुमच्याबद्दल कोणी लिहिलं नाही. दुसऱ्या वेळी पाजताना पोटात कळा जास्त येतात, गर्भाशय आवळतं म्हणून, आणि त्या बहुधा पहिल्या आठवड्यातच थांबतात. पण तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल किंवा ताप असेल तर लगेच दवाखाना. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, भाजी, वरण नेहमीसारखं खा, तिखटाने बाळाला काही होत नाही. आशाताईंची फेरी २१ व्या दिवशी असते, तेव्हा बाळाचं वजन त्यांच्याकडून करून घ्या आणि सहा आठवड्यांच्या लसींची तारीख विचारून ठेवा.