भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून अर्ध्यात परत आला, कोर्टाचं काय होईल?

कोथरूडची_ताई:
भावाला एमडीसकट (मेफेड्रोन, ड्रग) पकडलेलं, २ ग्रॅमच्या आत म्हणून स्मॉल क्वांटिटी. वकिलांच्या सांगण्यावरून गुन्हा कबूल केला, मग जेलऐवजी ट्रीटमेंट, बाँड लिहून दिला, बाबा जामीनदार. आता हा पठ्ठ्या केंद्र सोडून घरी बसलाय, म्हणतो मी बराय. पुढच्या तारखेला रिपोर्ट द्यायचाय आणि वकील फोन उचलत नाहीत. डायरेक्ट येरवड्याला पाठवतात का हो? आईचं जेवणखाण बंद झालंय.

पेठेतला_पक्या:
तारीख चुकवली तर वॉरंट निघणार एवढं नक्की. बाकी वकिलांना विचारा.

शिवाजीनगर_वकील:
ताई, आधी ऑर्डरची कॉपी काढा, एनडीपीएसचं (अमली पदार्थांचा कायदा) कुठलं कलम लावलंय बघा, सगळं त्यावर आहे. ६४अ असेल तर खटल्यापासून सूट असते, उपचार अर्धवट सोडले की ती काढून घेता येते, पण मग केस चालते आणि निदान बचाव तरी करता येतो. तुम्ही सांगताय त्यावरून ३९ वाटतंय. म्हणजे तो दोषी ठरलाय, फक्त शिक्षा थांबवलीय, आता "मी काही केलंच नाही" म्हणून उपयोग नाही. एमडी जवळ बाळगल्याचं असेल तर १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. लगेच आत टाकतीलच असं नाही, कोर्ट बघतं पोरगा पळाला की परत उपचाराला लागला. आणि बाबांना बाँडच्या रकमेची नोटीस येऊ शकते, हे कुणाच्या लक्षातच नसतं.

विश्रांतवाडी_मामी:
आमच्या पुतण्याचं असंच झालेलं. तारखेची वाट बघत बसू नका, आधीच त्याला परत ॲडमिट करा आणि तसं केंद्राचं पत्र घ्या. केंद्र सरकारमान्य आहे ना ते विचारा, कुठल्यातरी फार्महाऊसवरच्या कागदाला कोर्टात कोण विचारतंय. ओळखीच्या डॉक्टरकडून "बरा झाला" असलं सर्टिफिकेट तर अजिबात नको.

कोथरूडची_ताई:
कॉपी सापडली, ३९च आहे. तो परत जायला तयार नाहीये पण, बाबांच्या नोटिशीचं सांगितल्यावर गप्प झाला जरा. दुसरा वकील परवडेल असं वाटत नाही.

शिवाजीनगर_वकील:
कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, ऑर्डर घेऊन जा, त्यांच्या नियमात बसत असेल तर वकील फुकट मिळतो. आणि मधल्या काळात पोरगा परत एमडीसोबत सापडला तर मात्र अवघड, दुसऱ्यांदा दोषी ठरला की शिक्षेची मर्यादा दीडपट होते.