बीपीच्या गोळीनं कोणाले काय झालं? अनुभव सांगा

आमच्या दारव्हा तालुक्यात बीपीवाले लय वाढले, पण गोळी चालू करून मधातच सोडणारेही तितकेच. काहून सोडली म्हटलं तर 'सोसत नाई' एवढंच उत्तर. नेमकं काय सोसत नाई ते लिहा, अन् डॉक्टरनं मग काय केलं तेही. कंपनीचं नाव नको, पाकिटावर बारीक अक्षरात औषधाचं नाव असते ते टाका, कारण नावं पन्नास अन् आत औषध एकच.

संत्रावाला, वरुड
बाबांना अ‍ॅम्लोडिपिन ५ ची होती, नंतर १० ची केली अन् पाय सुजायला लागले. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राह्यचा, सकाळी थोडं उतरलेलं. आईनं तर किडनी गेली म्हणून रडणंच सुरू केलं. लघवी, क्रिएटिनिन सगळं नॉर्मल निघालं. डॉक्टर म्हणाले या गोळीनं बारीक रक्तवाहिन्या सैल होतात अन् पाणी पायात झिरपते, म्हणून लघवीच्या गोळीनं ही सूज फारशी उतरत नाई. परत ५ ची केली, सोबत टेल्मिसार्टन ४० दिली. हळूहळू उतरली सूज.

सूनबाई, मूर्तिजापूर
सासूबाईंना एनालाप्रिल चालू होती. कोरडा खोकला, कफ नाही ताप नाही, रात्री तर घरात कोणाचा डोळा लागेना. अडुळसा झाला, हळदीचं दूध झालं, खोकल्याच्या बाटल्या झाल्या, टीबी असेल म्हणून थुंकीही तपासली. गोळी सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर खोकला आला ना, म्हणून गोळीवर शंकाच कोणाला आली नाही. शेवटी पीएचसीतल्या नवीन मॅडमनी आधी गोळ्यांची पिशवी मागितली. लोसार्टन दिली, काही आठवड्यात खोकला बंद. (रामिप्रिलनेही असंच होतं म्हणे.) पण 'प्रिल'वाल्या गोळीनं ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर वाट पाहू नका, सरळ दवाखाना गाठा, हे मॅडमनी बजावून सांगितलं.

धानवाला, लाखनी
मामाची टेल्मिसार्टन अन् हायड्रोक्लोरोथायझाइड एकातच होती. मे महिन्याचं ऊन, तेंदूपत्ता तोडायले पहाटेच जंगलात, घाम वेगळा अन् गोळीनं लघवी वेगळी. वाकून उठले अन् गरगरून पडले. रक्तातलं सोडियम (मिठातलं असते ते) कमी निघालं, डॉक्टरनं ती गोळीच बदलली. शेजारी म्हणे मीठ-साखरेचं पाणी पाजा, इकडे बीपीवाल्याले मीठ बंद, आता कोणाचं ऐकावं राजेहो!

पाटील काका, आर्वी
मले काहीच झालं नाई. कित्येक वर्षं अ‍ॅम्लोडिपिन ५ घेतो, वावरात जातो. हेही लिहा बापा, नाईतर वाचून लोक गोळ्या उकिरड्यावर टाकतील.

आशाताई
काका बरोबर बोलले. एक राहिलं, गुडघ्यासाठी किराणा दुकानातून डायक्लोफेनॅक आणून खाता ना, त्यानंही बीपी चढते अन् किडनीवर ताण येते. मग नाव बीपीच्या गोळीचं! तपासणीले येता तं तेही पाकीट घेऊन या.

नवीन आहे, दिग्रस
मेटोप्रोलॉल सुरू केल्यापासून लय थकवा येते, हातपाय थंड पडतात. सोडून पाहू का?

संत्रावाला, वरुड
एकदम नको रे भाऊ. ही गोळी अचानक तोडली की धडधड वाढते, छातीतही दुखू शकते. माझ्या काकूची डॉक्टरनं थोडी थोडी कमी केली होती. उद्याच जा, नाडी किती पडते ते मोजून घे.