केंपेरितु : लाजेचा लाल की रागाचा?

(बेळगाव भागातल्या भाषाप्रेमींच्या गप्पा; बोलणाऱ्यांना त्यांच्या ठिकाणांची नावं.)

शहापूर : कन्नड कथेचा अनुवाद करतेय. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा नवी सून बोलत नाही, नुसतं 'मुख केंपेरितु'. केंपु म्हणजे तांबडा, एरु म्हणजे चढणे. मी 'चेहरा लालबुंद झाला' लिहिलं. नणंद म्हणाली, ''वैनी, लालबुंद रागानं होतात. ही लाजूलीय की!'' मग काय लिहू?

अनगोळ : 'आरक्त' लिहा. 'लाल' फारसीतून आलाय, तिकडं तो माणिक. आपला संस्कृत शब्द असताना तो कशाला?

खानापूर : आरक्त म्हणजे किंचित लाल. रंगाआधीचा 'आ' थोडेपणा सांगतो. आपीत म्हणजे पिवळसर. हल्ली सगळे तो 'खूप लाल' अशा अर्थी वापरतात, हे मला खटकतं. लाजेला चालेल. पण फारसी म्हणून लाल टाकला तर कागद नि दुकानही टाकावं लागेल.

निपाणी : लालबुंदमधला बुंद म्हणजे रक्ताचा थेंब. आमचे मास्तर सांगायचे.

खानापूर : मग पिवळाधमकमधला धमक कशाचा? काळाकुट्टमधला कुट्ट? या शेपट्या नुसता जोर देतात. हिरवं रान गार असतं म्हणून हिरवंगार का?

निपाणी : असतंच की! उन्हाळ्यात उसाच्या फडात शिरून बघा.

वडगाव : आमची आजी म्हणायची, ''कशाला तांबडीबुंद होऊलीस गे?'' लाजलेल्या नातीला तेच, तापानं फणफणलेल्या पोरीला तेच, संकेश्वरी मिरचीचा ठेचा खाल्लेल्या सुनेलाही तेच. लालबुंद फक्त रागाचा, हा नियम पुस्तकातला.

अनगोळ : घरात बोला हो, पण छापताना प्रमाण भाषा हवी. सीमाभागात मराठी टिकवायची तर ती शुद्धच लिहायला हवी.

वडगाव : आणि आजवर टिकवली कुणी? बाजारात कन्नड बोलून घरी पोरांशी मराठी बोलणाऱ्या या बायकांनीच.

शहापूर : 'गोरीमोरी झाली' कसं वाटतं?

खानापूर : नको. गोरामोरा म्हणजे ओशाळलेला, त्याचा रंग उतरतो. इथं चढतोय. 'एरु'तलं चढणं सोडू नका ताई, मराठीतही लाली चढतेच.

शहापूर : चढते, पण गालांवर. मुळात अख्खं मुख आहे.

निपाणी : वडगावकर, तांबड्या रंगाला ब्याडगी मिरची. संकेश्वरी तिखटाला.

वडगाव : रंग मिरचीचा नव्हे, खाणाऱ्याच्या तोंडाचा म्हणतेय मी. ब्याडगी खाऊन कोण तांबडं होतंय?