ऑफिसचे कॉल आणि गाणी दोन्हीसाठी एकच नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्यायचाय, काय बघून घेऊ?

खिडकीजवळची
नमस्कार मंडळी. दोन आठवडे रोज रात्री रिव्ह्यू बघतेय, आता डोकं भणभणायला लागलंय म्हणून इथे विचारते. घरून काम करते, दिवसाचे तीन-चार तास मीटिंगमध्ये जातात, उरलेल्या वेळात कोडिंग आणि ते करताना गाणं लागतंच मला. डोक्यावर पंखा, खिडकीबाहेर गाड्या आणि पलीकडच्या खोलीत घरच्यांच्या गप्पा, असं सगळं दिवसभर चालू असतं. सध्या साधे वायरचे इअरफोन आहेत, बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून आवाज वाढवत वाढवत जाते आणि संध्याकाळपर्यंत कान ठणकायला लागतात. हल्ली रात्री आडवं झालं की कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखं होतं, खरं तर त्याचीच जास्त धास्ती घेतलीये.

सोनीचा एक्सएम५, बोसचा क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा आणि सेनहायझरचा मोमेंटम ४ असे तीन डोक्यात आहेत. लॅपटॉप विंडोजचा, फोन अँड्रॉइड, आणि चष्मा आहे जाड काडीचा. घरच्यांचं बोलणं यात पूर्ण बंद होतं का? मीटिंगमधल्या लोकांना माझा पंखा ऐकू जाणार नाही ना? आणि ते एलडीएसी (ब्लूटूथवरून गाणं पाठवायची सोनीची पद्धत) वगैरे बघायचं की सोडून द्यायचं?

सातमजली
पंखा आणि गाड्यांची घरघर जाईल, बोलणं पूर्ण जाणार नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. मी पहिल्यांदा घेतला तेव्हा मला कुणी हे सांगितलंच नव्हतं, लावला आणि पंखा एकदम गायब झाला पण शेजारच्या खोलीतला शब्द न् शब्द उलट जास्त स्पष्ट यायला लागला, मला वाटलं पीसच खराब आलाय. तसं नसतं. हेडफोनवरचे माइक बाहेरचा आवाज पकडतात आणि त्याची बरोब्बर उलटी लहर कानात सोडतात, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. आता १०० हर्ट्झच्या घरघरीची एक लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, ती उलटी करून सोडायला जरासा उशीर झाला तरी चालून जातं. पण बोलण्यातले स, श, च हे आवाज कित्येक हजार हर्ट्झचे, त्यांची लहर काही सेंटीमीटरची, तिथे किंचित इकडेतिकडे झालं की मेळ बसत नाही. ते आवाज अडवायचं काम मशीन करत नाही, कानाभोवतीची गादी करते. म्हणून गप्पांवर उपाय म्हणजे एएनसी, म्हणजे हेच नॉइज कॅन्सलिंग, आणि त्यावर हळू आवाजात काहीतरी लावून ठेवणं. शब्द नसलेलं लावा, बोलणं त्यात विरघळून जातं.

तुमच्या यादीतले तिन्ही यात चांगलेच आहेत, या एका मुद्द्यावर वाईट असं कुठलंच नाही.

डग्गा_आणि_तबला
गादीचा विषय निघालाच आहे तर जाड काडीचा चष्मा ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे असं मी म्हणेन, बाकीचं सगळं नंतर. काडीमुळे गादी आणि कानामागची कातडी यात बारीक फट राहते, त्यातून बाहेरची घरघर आत येते आणि आतला बेस बाहेर पळतो. मला हे तबला ऐकताना कळलं. डग्ग्याची घुमक नुसती ठक्क अशी यायची, चाटीवरचे बोल मात्र व्यवस्थित, मी इक्वलायझरमध्ये तासन् तास घालवले. मग एकदा सहज दोन बोटांनी काडीजवळ गादी हलकेच दाबली आणि डग्गा भरून आला, पंख्याची घरघरही त्याच क्षणी बंद. बोट काढलं की परत तेच.

तेव्हा घेण्याआधी चष्मा घालूनच लावून बघा, पंख्याखाली बसून. दोन्ही कप तळव्यांनी अलगद दाबा, दाबल्यावर शांतता खूप वाढत असेल तर तो हेडफोन तुमच्या डोक्याला आणि चष्म्याला नीट बसत नाहीये, मग रिव्ह्यूत कितीही नावाजलेला असू दे. आणि निदान अर्धा तास लावून बसा. पाच मिनिटांत सगळेच मऊ वाटतात, काडी कानामागे रुतायला लागते ती नंतर. वजनही बघा, एक्सएम५ आणि बोस साधारण २५० ग्रॅम, मोमेंटम ४ त्याहून चाळीसेक ग्रॅमनी जड. एवढ्याने काय होतंय असं वाटतं पण सहा तासांनी मानेला कळतं.

एलडीएसीचं म्हणाल तर सोनीत आहे, बाकी दोघांत नाही, त्यांच्यात एपीटीएक्स अडॅप्टिव्ह ही तशीच दुसरी पद्धत आहे, अशा पद्धतींना कोडेक म्हणतात. ९९० केबीपीएस हा आकडा कागदावर भारी दिसतो पण काम करता करता ऐकणाऱ्याला फट बुजल्याने जेवढा फरक पडतो त्याच्या पासंगालाही कोडेकचा फरक पुरत नाही. मी जन्मभर गाणं ऐकत आलोय आणि हे अगदी मनापासून सांगतोय.

खिडकीजवळची
दादा हे चष्म्याचं कुठल्याच व्हिडिओत नव्हतं, खूप खूप आभार. आणि पंख्याचं? माझा मॅनेजर दर मीटिंगला म्हणतो की वारा सुटल्यासारखं ऐकू येतंय.

कॉलवरच_असते
हा माझा प्रांत, दिवसाचे सहा तास कॉलवर जातात. ताई, एएनसी तुमच्या कानासाठी असतं, समोरच्याच्या नाही. तुमच्या माइकमधला पंखा काढायचं काम वेगळं असतं आणि ते हेडफोनमध्ये किंवा मीटिंगच्या ॲपमध्ये होतं. कानाजवळच्या माइकला तोंडापासून अंतर जास्त पडतं त्यामुळे कितीही महागडा घ्या, तोंडासमोर दांडी असलेल्या ऑफिसच्या हेडसेटची सर त्याला येत नाही.

आणि अजून एक, ज्यावरून लोक हेडफोन परत करतात. विंडोजवर गाणं मस्त चाललेलं असतं, मीटिंग सुरू झाली की सगळं एकदम जुन्या टेलिफोनसारखं होतं. बिघाड नसतो तो. साध्या ब्लूटूथवर गाण्याची वाट वेगळी आणि कॉलची वेगळी, हेडफोनचा माइक चालू झाला की तो कॉलच्या वाटेवर जातो, तिथे आवाज मोनो होतो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, आणि सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो ते, ८ नाहीतर १६ किलोहर्ट्झवर येतं. एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या प्रकारात हे सुधारलंय पण त्यासाठी लॅपटॉप आणि हेडफोन दोन्हीकडे सोय लागते. तोवर सोपं काम करा, मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा एखादा छोटा यूएसबी माइक निवडा. लोकांचे आवाज लगेच मोकळे येतील. मॅनेजरसाठी ॲपमधलं नॉइज सप्रेशन वर करा आणि माइक पंख्याच्या झोतातून बाजूला घ्या, वारा सुटल्यासारखं येतंय म्हणजे बहुतेक झोत थेट माइकवर येतोय.

मल्टिपॉइंट तिघांतही आहे, लॅपटॉप आणि फोन एकदम जोडलेले राहतात. बॅटरी मोमेंटमची ६० तास, सोनी ३०, बोस २४. रोज रात्री चार्जिंगला लावत असाल तर २४ सुद्धा पुरतात.

सातमजली
शिट्टीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. हेडफोन येईपर्यंत थांबू नका, कान-नाक-घसा डॉक्टरकडे जाऊन या आणि कानाची तपासणी करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, आवाज वाढला की हे तास भराभर कमी होतात. एएनसीचा खरा फायदा मला हाच वाटतो, पंखा गेला की आवाज आपोआप निम्म्यावर येतो. पण हात सवयीने वर जातो, पहिले काही दिवस मुद्दाम लक्ष ठेवा.

खिडकीजवळची
सगळ्यांना अपडेट देते. डॉक्टरांची वेळ परवाची मिळालीये. काल तिन्ही चष्मा घालून लावून पाहिले, दाबून बघायची परीक्षा पण केली. सोनीत डाव्या बाजूला फट राहते, दाबलं की फरक चांगलाच कळतो. मोमेंटममध्ये गाणं मला सगळ्यात आवडलं पण अर्ध्या तासात काडी टोचायला लागली. बोसमध्ये दाबून फारसा फरक पडला नाही, आणि काढताना चष्मा हेडफोनबरोबर ओढला गेला नाही. तोच घेतेय. माइक लॅपटॉपचाच लावला आज, आणि टेबल पंख्याखालून हात-दीड हात सरकवलं, मीटिंगमध्ये कुणी वाऱ्याचं नाव काढलं नाही.