फुकुओकात चांगली सुशी आणि जपानी जेवण कुठे मिळेल?

वेळणेश्वर
नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फुकुओकाला जातोय. गुरुवारी संध्याकाळी पोचू, सोमवारी सकाळी निघू. मुक्काम हाकाता स्टेशनजवळ. आम्ही चौघं आहोत: दोघं कच्चे मासेही आवडीने खाणारे, एकजण मासे खातो पण बीफ-पोर्क नाही, आणि एकजण शाकाहारी (अंडं चालतं). दुपारी माणशी 2,500 ते 4,000 येन आणि एखाद्या रात्री थोडा सढळ हात, असा हिशेब आहे. सुशी कुठे खावी, त्या दिवसांत कोणते मासे मागावेत आणि सुशीशिवाय तिथलं म्हणून काय चुकवू नये, हे जाणकारांनी सांगावं.

गेनकाई
सॅल्मन आणि ट्यूना मागवण्यात फुकुओका वाया घालवू नका, ते जगभर मिळतात. या शहराची खरी चैन म्हणजे समोरच्या गेनकाई समुद्रातले पांढऱ्या मांसाचे मासे, साबा (बांगड्याच्या कुळातला मासा) आणि माकूल. तोक्योकडे मासा काही दिवस मुरवून मऊ करतात, इकडे तो ताजा आणि दाताला लागणारा आवडतो. पहिला घास राठ वाटला तर शिळा समजू नका, चावत गेलात की गोडी उतरते. सोया सॉसही इथे गोडसर असतो. त्यात मासा बुडवून काढू नका, कडेला टेकवला तरी पुरे.

शुक्रवारी दुपारी तेन्जिनला ‘ह्योतान सुशी’. दुकान उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी रांगेत उभं राहा. रांग फार असेल तर त्यांचंच फिरत्या पट्ट्याचं दुकान सोलारिया स्टेजच्या तळघरात आहे. तिथे पट्ट्यावर फिरणारी बशी उचलण्यापेक्षा समोरच्या कारागिराला सांगून बनवून घ्या. भात कोमट असतानाच सुशीला चव असते. फिरून फिरून भात गार पडतो, वरचा मासा सुकतो, आणि नोरी (समुद्रशेवाळाचा पातळ कागद) असेल तर तीही लिबलिबीत होते.

शनिवारी यानागिबाशी बाजार. हाकाताहून नानाकुमा लाइनने वातानाबे-दोरी हे तिसरं स्टेशन, पुढे थोडं चालायचं. अरुंद गल्लीत मासळीवाल्यांची दुकानं आहेत. पाट्यांवरची नावं वाचता आली नाहीत तरी त्या आठवड्यात काय उतरलंय ते डोळ्यांनी कळतं, आणि संध्याकाळी तेच मागायचं. दुसरा पर्याय नागाहामाचा घाऊक मासळी बाजार. लिलाव बघायला मिळत नाही, पण बाजार-इमारतीच्या तळमजल्यावर ‘ओकियो’सारख्या खानावळी आहेत आणि साशिमी (कच्च्या माशाचे काप) आणि भाताचं ताट तुमच्या हिशेबात बसतं. आकासाका स्टेशनवरून दहाएक मिनिटं चालत. हे दोन्ही बाजार रविवारी बंद असतात.

त्या दिवसांत मागायचं ते: हिरामे (चपटा मासा), बुरी (यलोटेल), साबा, आणि कावाहागी (जाड कातडीचा मासा, ती सोलून काढतात). कावाहागीचं काळीज (यकृत) वेगळं देतात, ते सोया सॉसमध्ये कालवून त्यात मासा लावायचा. ‘आरा’ (आपल्या हेकरूच्या कुळातला मोठा मासा) महाग असतो. नोव्हेंबरात इथे सुमोची स्पर्धा पंधरा दिवस चालते, तेव्हा त्याला विशेष मान. तुमच्या तारखा स्पर्धेच्या शेवटाशी जुळत असतील तर टेबलं आत्ताच धरा.

खाडीकाठ
गोमासाबा नक्की खा. साबाचे कच्चे तुकडे, गोडसर सोया, भरपूर कुटलेले तीळ, वर कांद्याची पात. आधी नुसता, मग उरलेला गरम भातावर घालून वर चहा किंवा दाशी (सुकवलेल्या कात्सुओ माशाचं पाणी) ओतून. साबा म्हणजे बांगड्याचा थोराड भाऊ.

मात्र ‘तोक्योत साबा व्हिनेगरमध्ये घालूनच देतात, मग इथे कच्चा कसा?’ हा प्रश्न रास्त आहे. साबाच्या पोटात आनिसाकिस नावाचा जंत असतो. पॅसिफिकच्या बाजूला जी जात प्रामुख्याने सापडते ती आतड्यातून मांसात सहज शिरते. क्युशूच्या (फुकुओका ज्या बेटावर आहे त्याच्या) पश्चिमेच्या आणि जपान समुद्राच्या पाण्यात मुख्यतः दुसरी जात असते आणि ती मांसात शिरण्याचं प्रमाण बरंच कमी आहे. म्हणून इथे कच्चा साबा खायची रीत टिकली. धोका कमी आहे, शून्य नाही. मासा मेल्यावर पोट लगेच साफ केलं नाही तर जंत सरकतात, म्हणून ज्यांच्याकडे साबाचा खप रोजचा आहे अशाच ठिकाणी खावा. बाजारातून घेऊन खोलीवर कापून खायचा बेत करू नका. व्हिनेगर, वासाबी, मीठ यांनी हा जंत मरत नाही. उणे 20 अंशांवर 24 तास गोठवल्याने किंवा नीट शिजवल्याने मरतो. खाल्ल्यानंतर काही तासांत पोटात जीवघेणी कळ आली तर अ‍ॅसिडिटी समजून गोळी घेत बसू नका. दवाखान्यात जाऊन कच्चा साबा खाल्ल्याचं आधी सांगा, दुर्बीण घालून जंत काढतात आणि आराम पडतो. रुग्णवाहिकेला 119.

हिरवा_मूग
शाकाहारी माणसाची खरी अडचण दाशी. मासा डोळ्यांना दिसत नाही, पण कात्सुओचं पाणी सगळीकडे असतं.

निर्धास्त: काप्पामाकी (काकडी), नात्तोमाकी (आंबवलेलं सोयाबीन; सोबतची सॉसची पुडी वापरू नका, साधा सोया मागा), उमेबोशीची ओनिगिरी (खारवलेल्या आंबट फळाचा भातगोळा, कात्सुओ नसलेला), मीठ लावलेले एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा).
विचारून: इनारी (तळलेल्या टोफूच्या पिशवीतला भात), कानप्यो (भोपळ्याच्या सुकवलेल्या पट्ट्या) आणि जाड ऑम्लेट. तिन्हींत बहुतेक वेळा दाशी असते. तेम्पुरा भाज्यांचा असला तरी तेल कोळंबी तळलेलंच असतं आणि बुडवायच्या पाण्यात दाशी. मीठ मागून खाता येतो, पण तेल चालणार का ते आधी ठरवा.
मिसो सूप आणि उदोन (जाड नूडल्स) दाशीचेच समजा.

दुकानात ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देस’ (मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही) असं सांगा. फोनवर लिहून दाखवलंत तर आणखी बरं. छोट्या सुशीच्या दुकानात आयत्या वेळी शाकाहारी ताट मागू नका. त्यांच्याकडे त्या दिवशीचे मासेच असतात.

बीफ-पोर्क न खाणाऱ्यासाठी: मोत्सुनाबे म्हणजे बहुतेक ठिकाणी बीफची वजडी आणि हाकाता रामेन म्हणजे डुकराच्या हाडांचा रस्सा, दोन्ही बाद. मिझुताकी ही कोंबडीची इथलीच हंडी आहे, ती घ्या. आधी नुसता रस्सा मीठ टाकून प्यायचा, मग तुकडे पॉन्झूत (आंबटसर सोया सॉस) बुडवून, शेवटी त्यातच भात. उदोन घेताना ‘गोबोतेन’ (गोबो मुळाची भजी) किंवा ‘मारुतेन’ (माशाची वडी) म्हणा, ‘निकु’ म्हटलंत की बीफ येईल. इथला उदोन मऊ असतो आणि रस्सा शोषत राहतो, फोटो काढत बसलात तर वाटीत नुसता फुगलेला गोळा उरेल.

वेळणेश्वर
मनापासून आभार सगळ्यांचे. दोन शंका: रात्री याताईंवर (रस्त्यावरच्या गाड्यांवर) सुशी मिळते का? आणि एका रात्री ओमाकासे (कारागीर स्वतः निवडून एकेक वाढतो ते जेवण) खायचं तर कसं ठरवायचं?

गेनकाई
याताईवर सुशी-साशिमी नाही. शहराच्या नियमांनुसार तिथे कच्चं वाढताच येत नाही. याकितोरी (कोळशावर भाजलेले कोंबडीचे तुकडे), ओदेन (दाशीत शिजवलेले तुकडे), मेन्ताइको घातलेलं ऑम्लेट हे खा. मेन्ताइको म्हणजे तिखटात मुरवलेली गाबोळी. 1949 साली नाकासुच्या बाजारात फुकुया या दुकानाने ती विकायला काढली, तिथून देशभर गेली. गाड्यावर आठ-दहा जणांचीच जागा असते, चौघांना एकत्र बसायचं तर सहा-साडेसहालाच जा. माणशी एक तरी पदार्थ आणि पेय मागवायचं, खाऊन झालं की उठायचं. जोराचा पाऊस असेल तर गाडे लागत नाहीत. रोख येन जवळ ठेवा.

ओमाकासेसाठी ‘साकाई’ आणि ‘ग्योतेन’ ही मोठी नावं. मिशेलिनच्या 2019 च्या आवृत्तीत दोन्हींना तीन तारे होते, पण इतक्या थोड्या दिवसांत तिथे जागा मिळण्याची आशा धरू नका. मधल्या फळीतली दुकानं बघा. ताबेलॉगवर (जपानी खानावळींना गुण देणारं संकेतस्थळ) 3.5 च्या वर गुण म्हणजे उत्तम, गूगलच्या 4.5 शी त्याची तुलना नको. असं एखादं दुकान दुपारी रात्रीच्या जवळपास निम्म्या दरात खायला देत असेल तर दुपारच घ्या, मासा तोच असतो. जागा धरतानाच न चालणारे पदार्थ कळवा. वेळेवर पोचा, कारण सगळ्यांना एकाच वेळी वाढायला सुरुवात करतात. अत्तर लावून जाऊ नका. कारागिराने सॉस आधीच लावला असेल तर पुन्हा बुडवू नका, आणि समोर ठेवलेली सुशी लगेच उचला. तुमच्यातले दोघंच गेलात तर जागाही सहज मिळेल आणि बाकीच्यांची उपासमार होणार नाही.

खाडीकाठ
रविवारी ते दोन बाजार बंद म्हणून हॉटेलात बसू नका. शिमोनोसेकीचा कारातो बाजार गाठा. हाकाता ते कोकुरा शिन्कान्सेनने (बुलेट ट्रेन) पाव तास, कोकुराहून शिमोनोसेकी साध्या गाडीने आणखी तेवढाच, पुढे बस. शुक्रवार ते रविवार मासळीवालेच सुशीचे ठेले लावतात, रविवारी सकाळी 8 पासून. ट्रे आणि चिमटा घ्यायचा, एकेक सुशी निवडायची, पैसे द्यायचे, बाहेर धक्क्यावर बसून खायचं. फुगु (विषारी भाग काढून देतात तो फुगणारा मासा) हा तिथला राजा, पातळ साशिमी आणि तळलेला असे दोन्ही घ्या. अकराच्या आत पोचा, चांगलं आधी संपतं. उघड्यावर खाताना डब्याचं झाकण हाताशी ठेवा, घारी झडप घालतात.

परतताना कारातोहून बोटीने पाच मिनिटांत समोरच्या काठावरच्या मोजिको बंदराला उतरा. तिथून कोकुराला थेट लोकल आहे.