लिबियाच्या निवडणुकीवर अर्धा तास बोलायचंय, काय सांगू?

गुहागरचा_नाखवा
पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयात बोलायचं कबूल करून बसलोय. विषयही मीच सुचवला: फुटलेल्या देशात बाहेरचे लोक निवडणूक घडवून आणू शकतात का? समोर निम्मे निवृत्त जहाजवाले, दोघंतिघं २०११ साली लिबियातून सुटून आलेले. स्किरात, बर्लिन, जिनिव्हा अशी करारांची जंत्री वाचली तर पंख्याखाली सगळे पेंगतील. सुरुवात कुठून करू?

भाऊकी_नंबर_दोन
करार बाजूला ठेवा, २४ डिसेंबर २०२१ ही तारीख धरा. लिबियाचा स्वातंत्र्यदिन. संयुक्त राष्ट्रांनी जमवलेल्या ७५ जणांच्या मंचाने आदल्या वर्षी ट्युनिसला हाच मतदानाचा दिवस ठरवला. २८ लाखांच्या आसपास मतदार नोंदले गेले. मतदान झालंच नाही, कारण उभं कोण राहू शकतं यावरच एकमत नव्हतं. गद्दाफींचा मुलगा सैफ, २०१९ला राजधानी त्रिपोलीवर चालून गेलेले पूर्व लिबियाचे सेनापती हफ्तार, आणि 'उभा राहणार नाही' असं कबूल केलेले हंगामी पंतप्रधान द्बैबा, तिघांचेही अर्ज!
आमच्याकडे एका शिमग्याला पालखी आधी कोणाच्या अंगणात, यावरून दोन भाऊक्या अडल्या. तिथी पंचांगात छापलेली, ढोलवाले येऊन चहा पिऊन बसलेले, आणि देव सहाणेवरच. हे सांगा, बाकीचं आपोआप कळेल.

टँकरवाला_काका
तेल विसरू नकोस रे. रास लानुफ, सिद्रा ही भरायची बंदरं हफ्तारच्या टापूत, पैसा मात्र त्रिपोलीच्या मध्यवर्ती बँकेत. जानेवारी २०२० मध्ये बंदरं अडवली, ऑगस्ट २०२४ला बँकेच्या गव्हर्नरवरून पुन्हा तेल बंद. आमचं जहाज असंच एकदा बाहेर नांगरावर पडून होतं. पोरं मागच्या बाजूने गळ टाकून बसायची, रात्री किनाऱ्यावरचे दिवे मोजायची.
आणि बर्लिनच्या लिबिया परिषदेत हत्यारं पाठवणार नाही म्हणून मान डोलावणारे, तेच पाठवणारे. हे नक्की सांग.

सावंतवाडी_इतिहास
जमलेलं उदाहरणही द्या ना: नामिबिया. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या या देशात निवडणूक घेऊन त्याला स्वतंत्र करायचा संयुक्त राष्ट्रांचा १९७८चा ठराव ४३५ दहा वर्षं धूळ खात पडला. डिसेंबर १९८८मध्ये दक्षिण आफ्रिका, क्युबा आणि अंगोलाने आपसात मिटवलं, मग १९८९ला ९७ टक्के मतदान झालं. शांतिसेनेचे सेनापती आपले लेफ्टनंट जनरल प्रेमचंद. म्हणजे बाहेरच्यांचं आधी मिटलं, मग आतल्यांचं.
कंबोडिया त्याच्या पुढचा धडा. १९९३ला सुमारे ९० टक्के मतदान, पण दुसऱ्या क्रमांकावर आलेला हुन सेनचा पक्ष हटेना. तोडगा काय, तर दोन पंतप्रधान! १९९७ला हुन सेनने सोबतच्या पंतप्रधानाला बळाने हाकललं. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात, मग गप्प होतात.

मालवणी_खाजा
माका एकच सांगा. हरलेल्याचा काय? खुर्ची गेली की तुरुंग, नायतर मरान. मग तो मतपेटयेक हात लावूक देतलो कित्याक?

गुहागरचा_नाखवा
खाजा, तुमचाच प्रश्न पहिला घेतो, पालखी दुसरी. काका, त्या दिवशी याच, दिव्यांचं तुम्हीच सांगायचं. आता फक्त मोठा नकाशा हवाय, कोणाकडे असेल तर कळवा. वाचनालयातला १९८४चा आहे, त्यात युगोस्लाव्हिया अजून एकसंध आहे.